शिक्का कोणाचा, भार कोणावर?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील बालवर्गांतून व प्राथमिक शाळांतून ‘मुलाची तपासणी करून घ्यावी’ अशी सूचना अलीकडे अनेक घरांत येऊन पोहोचते. पुढे चाचण्या होतात, अहवाल येतो आणि त्यात ‘स्वमग्नता’ अर्थात ऑटिझम हा शब्द असतो. तो निमूटपणे मान्य न करणाऱ्या पालकांची संख्या थोडी नाही. मुलाला खरोखरच काही अडचण आहे, की ते शाळेला अडचणीचे झाले आहे, असा त्यांचा रोकडा प्रश्न असतो. वास्तव नाकारण्याची ही वृत्ती आहे, असे म्हणून शिक्षक मंडळी पुष्कळदा हा प्रश्न बाजूला सारतात. वस्तुतः या संशयाचे मूळ पालकांच्या मनात जितके आहे, त्याहून अधिक ते आपल्या व्यवस्थेत आहे.

स्वमग्नता हे थोतांड नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. लिओ कॅनर या वैद्यकाने १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले, तेव्हापासून तिचा अभ्यास अखंड चालू आहे. मात्र रक्त तपासून वा छायाचित्र काढून तिचे निदान होत नाही. ते होते मुलाचे बोलणे, वागणे, खेळणे यांच्या निरीक्षणावरून. साहजिकच सीमारेषा कोठे आखावयाची, हे तज्ज्ञांच्या संमतीने ठरते आणि काळानुसार बदलते. अमेरिकेतील सरकारी पाहणीत आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली दीडशेंत एक असे प्रमाण आढळले होते. २०२२ च्या पाहणीत ते एकतीस मुलांत एक असे झाले. कॅलिफोर्नियातील नोंदींचा अभ्यास करून किंग व बेअरमन या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, तेथील वाढीपैकी सुमारे एक-चतुर्थांश भाग हा पूर्वी मतिमंदत्वाचे निदान झालेल्या मुलांच्या नोंदी बदलल्यामुळे होता. तात्पर्य, मुलाची अडचण खरी असते; तिच्यावरील नावाची चिठ्ठी मात्र माणसे लावतात.

आपल्याकडे या चिठ्ठीला कायद्याने मोल आले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. मोजमापासाठी २००९ पासून भारतीय मापनश्रेणीही उपलब्ध आहे. चाळीस प्रश्न, प्रत्येकास एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली राहिली तर मूल स्वमग्न नाही. सत्तर झाली तर सौम्य प्रमाणात स्वमग्न. सवलती आणि हक्क यांचे दार या कागदाने उघडते, म्हणून तो टाकाऊ आहे असे कोणी म्हणू नये. परंतु ज्या कागदाला मोल येते, त्याच्याभोवती हितसंबंधही गोळा होतात, हा अर्थशास्त्राचा साधा पाठ येथेही लागू पडतो.

हे हितसंबंध पाहावेत. वर्गात पन्नास-साठ मुले सांभाळणाऱ्या शाळेला एका मुलाकडे वेगळे लक्ष पुरविणे खर्चाचे असते. निदान झाले की तो खर्च घराकडे सरकविणे सोपे जाते. मुलाशेजारी बसणारी सहायक शिक्षिका पालकांनीच पगार देऊन ठेवावी, असे सुचविले जाते. तपासणी करणारे केंद्र पुष्कळदा उपचारही विकते. आठवड्याला किती बैठका लागतील, हे तेच ठरविते. पालकांपाशी मात्र हे सारे पडताळून पाहण्याचे साधन नसते. यात कोणी लबाड असलाच पाहिजे असे नाही. शिक्षिका प्रामाणिक असेल, तज्ज्ञही प्रामाणिक असेल. तथापि निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला झळ नाही आणि झळ सोसणाऱ्याच्या हाती निर्णय नाही, अशा व्यवहारात अविश्वास उत्पन्न होणारच.

यावर उपाय म्हणजे निःपक्षपाती सार्वजनिक तपासणी. तिचा आरंभ तर आपल्याच परिसरात झाला! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाले, आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. बालकांच्या विकासातील विलंब व वर्तनदोष वेळीच हेरून त्यांना जिल्हा केंद्राकडे पाठविणे हा त्याचा एक हेतू. परंतु त्याची पथके जातात अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत. लोकलने कामावर जाणाऱ्या येथील मध्यमवर्गाची मुले बव्हंशी खाजगी बालवर्गांत आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांच्या वाट्याला राहतो तो बाजार. घरी मराठी, जिन्यात हिंदी आणि वर्गात इंग्रजी ऐकणारे तीन-चार वर्षांचे मूल शाळेत गप्प राहिले, तर ते भाषेमुळे की अन्य कारणाने, हे ठरविण्यास सवड आणि तटस्थता दोन्ही लागतात.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ या आजीच्या दिलाशावर दोन-तीन वर्षे घालविणारी घरे आहेत. सगळा दोष मोबाईलच्या पडद्यावर ढकलून स्वस्थ बसणारीही आहेत. लहान वयात मिळालेली मदत अधिक उपयोगी पडते. हातची गेलेली ती वर्षे कोणतीही सवलत परत आणून देत नाही. म्हणून पालकांनी शंका जरूर घ्यावी, पण ती निदानाच्या पद्धतीविषयी; मदतीच्या गरजेविषयी नव्हे. निदान वादग्रस्त असले तरी न बोलणाऱ्या मुलाच्या वाचेवरील काम उद्यापासून सुरू करता येते.

शाळा आणि शासन यांनी करावयाचे ते याहून अधिक आहे. शिक्षकाने रोगाचे नाव उच्चारू नये. मूल काय करते व काय करीत नाही, एवढेच साध्या शब्दांत लिहून द्यावे. तपासणारा आणि उपचार विकणारा एक असू नये. महापालिकांच्या रुग्णालयांत दुसरे मत विनामूल्य मिळावे आणि बाल स्वास्थ्य पथकांनी खाजगी बालवर्गांचीही पायरी चढावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील इयत्तांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. असे असूनही मार्च २०२५ मध्ये राज्यांनी ही पदे निर्माण करावीत म्हणून न्यायालयास पुन्हा आदेश द्यावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शासनमान्य शाळेने अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा, हे २०१६ च्या कायद्याने सांगितलेच आहे. त्या मुलाचा शिक्षक कोठून येणार आणि त्याचा पगार कोण देणार, हे सांगण्याची तयारी नसलेल्या शाळेने पालकांच्या हाती नुसता शिक्का देऊन त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा करू नये.