तार कुणाची, पेटी कुणाची?

शहरांतील चाळी, गृहनिर्माण संस्था आणि आता तालुक्याच्या गावांतील नव्या वसाहती यांच्या फाटकांवर फायबर ब्रॉडबँडची पत्रके नियमाने चिकटवली जातात. शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस, पहिला महिना फुकट, राउटर मोफत, आणि वर चित्रपटांच्या डझनभर वाहिन्या! मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, सरकारी दाखले, बँकेचे व्यवहार हे सारे ज्या तारेवरून चालते, ती तार कोणत्या कंपनीची घ्यावी, असा प्रश्न वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. ‘ज्याचे त्याने ठरवावे’ हे त्याचे उत्तर नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा, ज्या घरात जोडणी होती त्या घरातले मूल शिकत राहिले आणि ज्या घरात नव्हती त्या घरातले मागे पडले. म्हणून या प्रश्नाचा विचार ग्राहकाच्या सोयीपुरता न करता त्याच्या मुळापर्यंत जाऊन केला पाहिजे.

प्रथम किमतीचीच तुलना पाहू. २०२० च्या सप्टेंबरात जिओने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि एअरटेलने ४९९ रुपयांत ४० एमबीपीएस देऊ केले. पाठोपाठ ऑक्टोबरात सरकारी मालकीच्या भारत संचार निगमने ४४९ रुपयांत ३० एमबीपीएसची योजना आणली. महिन्याकाठी खिशातून जाणाऱ्या रकमेने मोजले तर जिओ स्वस्त ठरते. एका एमबीपीएसमागे पडणाऱ्या रुपयांनी मोजले तर एअरटेल स्वस्त ठरते. कारण तिथे साडेबारा रुपये पडतात, जिओकडे तेरा आणि निगमकडे पंधरा. शिवाय पत्रकावरील आकड्यावर अठरा टक्के जीएसटी चढतो, म्हणजे ३९९ चे ४७१ होतात आणि ४९९ चे ५८९. आता तिसरा मापदंड घ्या: तार तुटल्यावर ती किती तासांत जोडली जाते? या मोजपट्टीने कोण पहिला येईल ते कोणत्याही पत्रकावर छापलेले नसते. ते गल्लीगल्लीत वेगळे असते आणि शेजाऱ्याला विचारल्यावाचून कळत नाही. तीन मोजपट्ट्या, तीन निकाल! कंपनीला सोयीची असलेली मोजपट्टीच तेवढी जाहिरातीत असते.

मग गरज किती, हे आधी ठरवले पाहिजे. एक स्पष्ट चित्रफीत पाहण्यास पाचेक एमबीपीएस पुरतात. चार-पाच माणसांच्या घरात एकाच वेळी दोन मुलांचे वर्ग, एक दूरदर्शन संच आणि मोबाईलवरील किरकोळ काम चालले तरी तीस एमबीपीएसची चांगली जोडणी कमी पडत नाही. या योजनांना बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास वेग उतरतो. परंतु ती मर्यादा दिवसाला एकशेदहा जीबी इतकी होते. कष्टकऱ्याचे घर तिथवर पोचत नाही. म्हणजे शंभर-दोनशेचा आकडा बहुतेक घरांना न लागणारा आहे आणि तो विकण्यासाठीच चित्रपटवाहिन्यांची जोड दिलेली आहे. ‘वर चढवण्याचा वेग किती?’ हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. विद्यार्थ्याला वर्गात स्वतः दिसायचे व बोलायचे असते, शिवणकाम करणाऱ्या बाईला आपल्या मालाची छायाचित्रे पाठवायची असतात. उतरवण्याचा वेग मोठा आणि चढवण्याचा तुटपुंजा असेल तर असे घर केवळ प्रेक्षक होऊन राहते.

जाहिरातीतील वेग घरात का येत नाही, याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित असलेल्या पद्धतीत एका तंतूवर सुमारे अडीच गिगाबिट उतरते आणि सव्वा गिगाबिट चढते. तो तंतू वाटेत फाटे फोडून बहुधा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. पुढे प्रदात्याने वरच्या पातळीवर किती क्षमता विकत घेतली आहे, यावर रात्री नऊ वाजताचा वेग ठरतो. त्यामुळे एकाच कंपनीची, एकाच किमतीची योजना एका वस्तीत सुरळीत चालते आणि दुसरीत रडते. ट्रायची सेवा-गुणवत्तेविषयीची नवी नियमावली २०२४ च्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली, हे स्वागतार्हच आहे. पण संपूर्ण परवानाक्षेत्राची सरासरी वस्तीचे दुखणे सांगत नाही. महाराष्ट्राच्या परवानाक्षेत्रात गोवाही येतो आणि मुंबई वेगळी धरली जाते. अशा सरासरीत कुर्ल्याची एक गल्ली किंवा लातूरची एक वसाहत कुठे दिसणार?

दुसरा भाग भिंतीवर लावलेल्या पेटीचा. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारे यंत्र आणि ते घरभर पसरवणारा राउटर, ही दोन कामे आता बहुधा एकच पेटी करते. पुष्कळ तक्रारी वास्तविक या पेटीच्या असतात आणि दोष तारेला दिला जातो. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंती ओलांडून दूर जाते, पण तिच्यात परस्परांना अडथळा न करणारे मार्ग जेमतेम तीन आहेत. चाळीच्या एका मजल्यावर वीस राउटर लागले की तिथे बाजारातल्यासारखा कोलाहल होतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी असते, पण जाड भिंतीपुढे थकते. म्हणून दोन्ही पट्ट्यांचा राउटर घ्यावा, तो घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावा, लोखंडी कपाटामागे दडवू नये. आणखी एक गोष्ट पाहावी. स्वस्त पेटीची तारेची खोबण शंभर एमबीपीएसच्या पलीकडे जात नाही. अशा पेटीसह कोणी दोनशेची योजना विकत असेल, तर उरलेले शंभर केवळ बिलावर येतात! आणि वीज गेली की ही पेटी बंद. जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून वीज मिळत असे, त्यामुळे अंधारातही तो वाजत असे. फायबरची तार ती वीज वाहून नेऊ शकत नाही. भारनियमनाच्या गावात राउटरसाठी छोटी बॅटरी घेतल्यावाचून जोडणीला अर्थ नाही, आणि तो खर्च कोणत्याही पत्रकात धरलेला नसतो.

‘मोफत’ राउटरचे अर्थशास्त्र याहून बोलके आहे. जिओने २०१९ च्या सप्टेंबरात सेवा सुरू केली तेव्हा जोडणीसाठी २५०० रुपये घेतले जात. त्यातले १५०० परत मिळणारी अनामत होती आणि १००० परत न मिळणारे. पुढे स्पर्धेत ही रक्कम कमी होत गेली. पण तिच्या जागी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरण्याची अट आली. पेटी कंपनीचीच राहते, सेवा सोडताना परत करावी लागते आणि तिची अंतर्गत मांडणी कंपनी दुरूनही बदलू शकते. घर आपले, वीज आपली, भिंत आपली. घराचे हे नवे दार मात्र दुसऱ्याच्या किल्लीने उघडते. जर्मनीत २०१६ च्या १ ऑगस्टपासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचे उपकरण लावण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि प्रदात्याला त्यासाठी लागणारी माहिती द्यावी लागते. हा हक्क भांडवलशाही देशात मिळू शकतो, तर आपल्याकडे तो मागायला संकोच कशाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तुलना करायची तर आधी निवड असावी लागते. ग्रामीण भागात आणि शहरांच्या गरीब वस्त्यांत पुष्कळदा एकच तार पोचलेली असते. अनेक गृहनिर्माण संस्थांत कार्यकारिणीने एकाच प्रदात्याला जिन्यातून तार नेण्याची मुभा दिलेली असते. जिथे दोन नावे दिसतात तिथेही ती खरोखर दोन आहेत का, हे पाहावे लागते. २०१८ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल-कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचा व्यवहार जाहीर केला. त्यानंतर हॅथवेची जिओशी तुलना करणारा ग्राहक एकाच घरातील दोन दारांची तुलना करत असतो. २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे चौऱ्याण्णव कोटी ब्रॉडबँड जोडण्यांपैकी तारेच्या जोडण्या चार कोटींच्या आसपास होत्या, आणि त्यांपैकी निम्म्या जिओ व एअरटेल या दोघांकडे होत्या. भारत संचार निगम तिसऱ्या क्रमांकावर, बऱ्याच मागे.

निगम मागे का पडले, याचे उत्तर ‘सरकारी काम’ या तुच्छतेच्या शब्दांत देण्याची फॅशन आहे. २००० च्या १ ऑक्टोबरला जन्मलेल्या या संस्थेकडे देशभरचे जाळे होते. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत तिचे अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी २०२० च्या ३१ जानेवारीला एका दिवसात घरी गेले. गल्लीतील खांब न् खांब ओळखणारा लाइनमन गेला आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा तरुण आला. त्या तरुणाच्या नोकरीची शाश्वती महिन्यापलीकडे नसते. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा निगमनेही बऱ्याच ठिकाणी महसूल-वाटपाच्या कराराने स्थानिक केबलचालकांकडे सोपवला. तेव्हा बिलावर सरकारी नाव आहे एवढ्यावरून तार सार्वजनिक झाली, असे मानता येत नाही. गावांकडे जाणाऱ्या फायबरची कथाही अशीच. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेची अडीच लाख ग्रामपंचायतींसाठीची मूळ मुदत २०१३ होती. दशकाहून अधिक काळ लोटल्यावर ती दोन लाखांच्या पुढे पोचली. ग्रामपंचायतीच्या कचेरीतील कपाटापासून शेतमजुराच्या घरापर्यंतचे शेवटचे पाचशे मीटर मात्र बहुतेक गावांत कोणाचेच नाहीत.

याला पर्याय नाही काय? केरळमध्ये राज्य विद्युत मंडळाचे खांब वापरून सरकारने स्वतःचे जाळे उभारले आणि २०२३ च्या ५ जूनला के-फोनचे उद्‌घाटन केले. सुरुवातीची योजना २९९ रुपयांत २० एमबीपीएस अशी होती. वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचे उद्दिष्ट होते. ते उद्दिष्ट अजून फार दूर आहे, हे मान्य केले पाहिजे. सार्वजनिक मालकीची बाजू घेणाऱ्याने सार्वजनिक दिरंगाई झाकू नये. त्याच राज्यात छोट्या केबलचालकांनी एकत्र येऊन उभी केलेली केरळ व्हिजन ही संस्था २०२४ च्या अखेरीस देशातील तारेच्या पहिल्या पाच प्रदात्यांत होती. स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहराने १९९४ साली स्वतःची कंपनी काढून तंतू जमिनीखाली पुरले. ती कंपनी तंतू सर्व प्रदात्यांना समान अटींवर भाड्याने देते. रस्ता एकच, त्यावर गाड्या अनेक! तिथे तुलनेला अर्थ येतो, कारण प्रदाता बदलायला रस्ता खोदावा लागत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, खासगी स्पर्धेमुळेच दर उतरले. ते खरे आहे. २०२० चे दर त्या स्पर्धेतूनच आले. पण स्पर्धक गिळले गेल्यावर स्पर्धा उरत नाही, आणि जिथे नफा नाही तिथे ती मुळात जातच नाही. दुसरा आक्षेप महाराष्ट्राच्या अनुभवातून येतो. प्रवरानगरला साखर कारखाना उभा करणाऱ्या सहकाराने तार का ओढू नये, असे विचारले की मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेकडे बोट दाखवले जाते. शेकडो गावांना वीज पुरवणाऱ्या त्या संस्थेचे काम २०११ मध्ये संपुष्टात आले. तो धडा गंभीरपणे घेतलाच पाहिजे. थकबाकी, घराणेशाही आणि सभासदांची उदासीनता यांनी सहकार पोखरला जातो. परंतु त्यावरचा उपाय सभासदांच्या जागृत देखरेखीत आहे. तार दोन घराण्यांच्या स्वाधीन करण्यात नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? व्यक्तिगत सल्ला देताना साधा क्रम सांगावा: गरजेपुरता वेग, जीएसटीसह एकूण रक्कम, महिन्याची मुदत, चढवण्याचा वेग, शेजाऱ्याचा तक्रार-निवारणाचा अनुभव, आणि दोन पट्ट्यांची, वेगवान खोबणीची पेटी. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. सोडून जाण्याची मोकळीक हीच ग्राहकाची एकमेव ताकद असते. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडावा की, जिन्यातील नळी संस्थेची राहील, ती सर्व प्रदात्यांना समान अटींवर खुली असेल आणि तिचे भाडे संस्थेच्या हिशेबात दिसेल. ग्रामसभेत विचारावे की, भारतनेटची तार कचेरीपर्यंत आली आहे का, ती चालू आहे का, आणि तिथून शाळेला व अंगणवाडीला जोडणी का नाही. नगरपालिकेत मागणी करावी की, रस्ता एकदाच खोदा, सामायिक नळी टाका आणि ती पालिकेच्या मालकीची ठेवा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामायिक नळ्यांची तरतूद आहे. तिचा उपयोग करून घेणारे लोक हवेत. आणि खांबावर चढणाऱ्या ठेक्यावरील तरुणाला संघटनेत आणावे. आपली तक्रार वेळेवर दूर होणे आणि त्याला कायम नोकरी मिळणे, या दोन मागण्या एकाच तारेने जोडलेल्या आहेत.

पाणी आणि वीज यांच्या बाबतीत नळाला पाणी येते का, तारेत वीज आहे का, हे विचारताना आपण जलवाहिनी कुणाची आणि खांब कुणाचा हेही विचारायला शिकलो. फायबरच्या बाबतीतही तेच शिकावे लागेल, आणि लवकर. नळ्या आज पुरल्या जात आहेत. त्या एकदा खासगी नावावर पुरल्या गेल्या की पुढच्या पिढीला पत्रकांवरील आकड्यांची तुलना करत बसण्यापलीकडे काही उरणार नाही.