दीर्घरोगिणी आणि गर्भाधानापूर्वीचे तीन महिने

गर्भिणीपरिचर्येविषयी आपल्या व्यवसायात जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही गर्भाधानापूर्वीच्या काळाविषयी होत नाही. गर्भसंस्काराचे वर्ग, मासानुमासिक पाठ, फलघृताच्या बाटल्या हे सारे उपनगरांत आता चांगलेच रुळले आहे. परंतु जिला मधुमेह आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, रक्तदाब वाढलेला आहे किंवा लहानपणापासून अपस्माराचे औषध आहे आणि तरीही जिला मूल हवे आहे, अशी स्त्री समोर बसली असता तिला पहिल्या भेटीत काय सांगावे, याविषयी आपल्यात एकवाक्यता नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करीत आहोत.

दहिसरसारख्या मुंबईच्या उत्तर वेशीवरील उपनगरात हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. पूर्वेकडील केतकीपाडा, रावळपाड्याच्या दाट वस्त्यांतून येणारी स्त्री बहुधा पांडुरोगाने ग्रस्त असते. पश्चिमेकडील सोसायट्यांतून येणारी, तिशी ओलांडलेली, सकाळच्या गाडीने अंधेरी-चर्चगेट गाठणारी स्त्री वाढलेली साखर आणि अनियमित पाळी घेऊन येते. दोघींनाही घाई असते, आणि आपणही त्या घाईत सामील होतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भाधानास वर्ज्य स्त्रियांची गणना करताना अतिबाला व अतिवृद्धा यांच्याबरोबर दीर्घरोगिणीचाही उल्लेख केला आहे. काही व्यवसायबंधू यावरून अशा स्त्रीस मातृत्वाचा विचारच सोडण्याचा सल्ला देतात. काही तर हे वचन आजच्या काळात लागू नाही म्हणून बाजूस सारतात. आमच्या मते दोन्ही टोके चुकीची आहेत. अतिबाला ही कालांतराने योग्य वयाची होते, त्याचप्रमाणे दीर्घरोगिणीही तिचा व्याधी नियंत्रणात आला की योग्य ठरते. ज्या काळी इन्शुलिन नव्हते त्या काळी ते नियंत्रण फार थोड्यांच्या वाट्यास येत असे. आज ते येते. तेव्हा हा निषेध जन्मभराचा न मानता, व्याधी आवाक्यात येईपर्यंतचा मानावा. त्याच अध्यायात आचार्य गर्भाधानापूर्वी स्त्रीपुरुष दोघांचेही शोधन सांगतात, आणि सुश्रुताचार्य ऋतु, क्षेत्र, अंबु, बीज या चतुष्टयाने हीच गोष्ट शेतीच्या दृष्टांतातून समजावतात. पेरणी झाल्यावर नांगर घालणारा शेतकरी आपण पाहिलेला नाही. गर्भिणीस पाचव्या महिन्यात प्रथम तपासणारे चिकित्सक मात्र पुष्कळ आहेत.

तीन महिनेच का, असे विचारले जाते. गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून सुमारे 28 व्या दिवशी मिटून पूर्ण होते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येक स्त्रियांना गर्भ राहिल्याची कल्पनाही नसते. म्हणूनच फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम या मात्रेने निदान एक महिना आधीपासून सुरू करावे, असे सर्वत्र सांगितले जाते. पूर्वी असा सदोष गर्भ राहिला असल्यास ही मात्रा कितीतरी अधिक लागते व ती प्रसूतितज्ज्ञांनीच ठरवावी. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए1सी, शक्य तर 6.5 टक्क्यांच्या खाली आल्यावरच गर्भाधानाचा विचार व्हावा. शुक्रनिर्मितीलाही सुमारे अडीच महिने लागतात, हे पतीला आवर्जून सांगावे. तपासणीच्या टेबलापाशी त्याला बोलावतो कोण?

आहाराच्या बाबतीत तर पुरावा आपल्याच शहरातला आहे. 2006 पासून काही वर्षे मुंबईच्या झोपडवस्त्यांत साडेसहा हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटास पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला अल्पोपहार रोज दिला गेला, दुसऱ्या गटास बटाटा-कांद्यासारख्या जिनसांचा. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सर्व स्त्रिया एकत्र धरता बाळाच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी हा आहार सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमने अधिक भरले. 48 ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, हे आम्ही मान्य करतो. त्याहून बोलका निष्कर्ष पुढे 2016 मध्ये आला: गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण साध्या आहाराच्या गटात 12.4 टक्के, तर पालेभाजी-दुधाच्या गटात 7.3 टक्के. माठ, चवळी, मेथी आणि दूध यांनी एवढे साधत असेल, तर महागड्या कल्पांची यादी लिहिण्यापूर्वी ताटाची चौकशी करणे अधिक शास्त्रीय ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हेही येथे लक्षात असावे.

आता औषधांविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. ‘आता त्या गोळ्या बंद करा, आमचे औषध पुरेसे आहे’ हे वाक्य कोणत्याही वैद्याच्या तोंडी येऊ नये. अपस्माराचे औषध एकाएकी बंद केल्यास झटके येतात व माता आणि गर्भ दोघेही संकटात सापडतात. थायरॉक्सिनची मात्रा तर गर्भ राहताच बहुधा वाढवावी लागते. उलट सोडियम व्हाल्प्रोएट किंवा रक्तदाबावरील ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ वर्गातील औषधे गर्भास घातक असल्याने गर्भाधानापूर्वीच बदलून घ्यावयाची असतात; परंतु तो बदल मूळ औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच करावा. आपण चिठ्ठी देऊन रुग्णास तेथे पाठवावे. त्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. शोधनाच्या बाबतीतही हेच: इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रीस वमन-विरेचन व संसर्जनक्रमात आहार कमी होताच साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर त्या भानगडीत न पडलेले बरे.

याहून गंभीर प्रश्न नागभस्माचा आहे. मधुमेहात वसंतकुसुमाकर, प्रदर व वंध्यत्वात त्रिवंग भस्म, गर्भस्थैर्यासाठी गर्भपाल रस हे कल्प आपण परंपरेने वापरतो, आणि तिन्हींत नाग आहे. सम्यक् मारित भस्म निर्दोष असते हा आपला पक्ष आम्हांस ठाऊक आहे. परंतु शिसे वर्षानुवर्षे अस्थींत साठून राहते आणि गर्भावस्थेत अस्थींतील चुना गर्भाकडे जाऊ लागला की तेही रक्तात उतरते, ही वस्तुस्थिती त्या पक्षाने टळत नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्कमधील सहा गर्भिणींची माहिती प्रसिद्ध झाली. सहाही जणींच्या रक्तात शिसे वाढलेले होते आणि त्यांनी भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. ती औषधे कोणत्या दर्जाची होती हा वाद आपण खुशाल घालावा. मूल इच्छिणाऱ्या स्त्रीस मात्र नागयुक्त कल्प देऊ नयेत, गर्भ राहिल्यावर तर नाहीच, आणि पूर्वी दीर्घकाळ घेतले असल्यास रक्तातील शिशाची चाचणी करवून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे औषधालयाच्या मालकांचाही संबंध येतो. अनुसूची ई(1) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती ग्राहकाच्या हाती डबी ठेवण्यापूर्वी विक्रेत्याने वाचावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. ‘दिवस राहत नाहीत, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास कुमारी आसव किंवा त्रिवंग न देता जवळच्या वैद्याचा पत्ता द्यावा. शतावरी कल्पातील साखर मधुमेही स्त्रीस सांगावी. आणि पुत्रप्राप्तीचे पुडे किंवा त्यांची जाहिरात दुकानात असेल तर ती आजच काढावी. लिंगनिवडीची जाहिरात हा 1994 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. पुंसवनविधीचे नाव घेऊन त्यातून सुटका होत नाही.

दहिसर-बोरिवली पट्ट्यात लोहाणा, भानुशाली व सिंधी कुटुंबे बरीच आहेत आणि या समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भागणिक चारांत एक बाळ गंभीर आजाराचे निपजण्याचा संभव असतो. रक्तक्षय दिसला की लोहकल्प लिहून मोकळे न होता हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी एकदा करवावी.

शेवटचा मुद्दा आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटेल. साखर, रक्तदाब किंवा औषधांतील बदल मार्गी लागेपर्यंत गर्भ राहू नये, याचा अर्थ त्या काळात गर्भनिरोध हवा. जी स्त्री मूल व्हावे म्हणून आली, तिलाच ‘तूर्त राहू देऊ नका’ असे वैद्याने सांगणे विचित्र दिसते खरे. पण लग्नाला दोन वर्षे झाली की घरातून होणारी विचारणा त्या स्त्रीला एकटीला थोपवता येत नाही. सासूबाईंना बोलावून, नवऱ्याला शेजारी बसवून ‘तीन महिने थांबा, मग मी सांगेन’ असे वैद्यांनी म्हटले तर ते घर पुष्कळदा थांबते.