इतिहास कानी पडावा म्हणून

रजा प्रवास सवलत घेऊन राजस्थानच्या सहलीला निघालेले बँक कर्मचारी जयपुरात साधारणतः दोन दिवस मुक्काम करतात. आमेरचा किल्ला, सवाई जयसिंहाचे जंतरमंतर, १७९९ साली उभा राहिलेला हवामहल आणि शेवटी जोहरी बाजार, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो. त्रिपोलिया बाजाराच्या गर्दीतून जाताना घरांच्या वर डोके काढून उभा असलेला एक सात मजली मनोरा त्यांना दिसतो, पण तिकडे सहसा कोणी वळत नाही. या मनोऱ्याला ईसरलाट म्हणतात. सरगासूली हेही त्याचेच नाव. मराठी प्रवाशाने जयपुरात एखाद्या वास्तूपुढे क्षणभर थांबावे असे वाटत असेल, तर ती वास्तू हीच होय.

सवाई जयसिंह १७४३ मध्ये निवर्तला आणि त्याचा पुत्र ईश्वरीसिंह गादीवर आला. मेवाडच्या राजकन्येचा मुलगा माधोसिंह, म्हणजे ईश्वरीसिंहाचा सावत्र भाऊ, याने त्या गादीवर हक्क सांगितला. भावाभावांच्या या तंट्यात मराठे कधी एका बाजूला, तर कधी दुसऱ्या बाजूला असत, आणि दोन्हीकडून पैशांचे करार होत. १७४७ मध्ये राजमहाल येथील लढाईत ईश्वरीसिंहाची सरशी झाली. त्या विजयाचे स्मारक म्हणून १७४९ मध्ये हा मनोरा उभा राहिला. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात खंडणीची थकबाकी मागत मल्हारराव होळकर जयपूरच्या रोखाने आले आणि ईश्वरीसिंहाने स्वतःच्या हाताने आपला अंत करून घेतला. माधोसिंह राजा झाला. त्यानंतर काही दिवसांतच, म्हणजे जानेवारी १७५१ मध्ये, शहरात आलेल्या मराठ्यांवर जयपूरकरांचा रोष उसळला, वेशी बंद झाल्या आणि त्या दंग्यात कित्येक मराठे मारले गेले.

ही हकीकत शाळेच्या पुस्तकात नसते आणि वाटाड्याही ती सांगत नाही. ती सांगितली आहे जुन्या ग्रंथांनी. सर जदुनाथ सरकार यांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील चार खंडी ग्रंथाचा पहिला खंड १९३२ मध्ये निघाला. त्यात राजपुतान्यातील या घडामोडी विस्ताराने आल्या आहेत, आणि त्यासाठी सरकारांनी मराठी पत्रांचा भरपूर आधार घेतला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भागांत प्रसिद्ध केले आणि रियासतीतून हाच काळ मराठी वाचकापुढे मांडला. त्याआधी, १८९८ मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला होता. त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या अवधीतील आहेत.

हे ग्रंथ आज कोठे आहेत? मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात, घरी न देण्याच्या कपाटात. पाने हाताळली तर कोपरे तुटतात. संगणकावर त्यांतील अनेकांच्या छायाप्रती मोफत मिळतात हे खरे, परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या बारीक टाइपाचे पान मोबाइलच्या पडद्यावर मोठे करून, डावीउजवीकडे सरकवीत चारशे पाने वाचणारा वाचक विरळाच. ज्यांना वाचण्याची हौस आणि सवड आहे, त्यांच्याच डोळ्यांना ते सोसत नाही.

या अडचणीवर जगात एक साधा उपाय शोधला गेला आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील ह्यू मॅग्वायर यांनी लिब्रीव्हॉक्स हा उपक्रम सुरू केला. ज्या पुस्तकांवर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, ती स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचावीत, ध्वनिमुद्रित करावीत आणि सर्वांना विनामूल्य द्यावीत, एवढीच ती कल्पना. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅडची एक कादंबरी होती. पुढे गिबनच्या रोमन साम्राज्यविषयक इतिहासाचे सहाही खंड, हिरोडोटस, मेकॉलेचा इंग्लंडचा इतिहास अशी एरवी कपाटाची शोभा ठरलेली पुस्तके या मंडळींनी एकेक प्रकरण वाटून घेऊन पूर्ण केली. वाचणाऱ्याची आवाजाची परीक्षा घेतली जात नाही. कोणाचा उच्चार स्कॉटिश, कोणाचा टेक्सासचा, तर कोणाचा भारतीय. मात्र वाचलेला भाग दुसरा स्वयंसेवक ऐकतो, दोनदा वाचलेल्या वाक्यासारखी चूक दाखवून देतो, आणि मगच तो भाग स्वीकारला जातो. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, ही शिस्त बँकेतल्या माणसाला निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

हक्क उरलेला नाही म्हणजे काय, हेही बँकेच्या उदाहरणाने चटकन कळते. एखाद्या खात्यात दहा वर्षे व्यवहार झाला नाही की त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. वारस केव्हाही आला तरी त्याचा दावा शाबूत असतो. पुस्तकाचे तसे नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे संपली की वारसाचा दावा संपतो आणि ती ठेव साऱ्या समाजाच्या नावावर होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांचा हक्क १९९१ अखेर संपत असल्याने ती वाढविण्यात आली. राजवाडे १९२६ मध्ये वारले. राजपुतान्याच्या इतिहासाला आयुष्य वाहिलेले गौरीशंकर हीराचंद ओझा १९४७ मध्ये गेले. सरकार १९५८ मध्ये, सरदेसाई १९५९ मध्ये. म्हणजे सरकारांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१९ पासून आणि सरदेसायांचे १ जानेवारी २०२० पासून भारतात सर्वांना मोकळे झाले आहेत. रियासतकारांसारख्या लेखकाचे सारे लेखन खुले होणे ही मराठी समाजाच्या दृष्टीने मोठी घटना होती; पण तो दिवस आला आणि गेला, कोणाच्या लक्षातही राहिला नाही. ठेव आपली झाली, ती उचलायला कोणी गेले नाही.

येथे एका विचित्र योगाचा उल्लेख करावासा वाटतो. सरकारांनी खुद्द जयपूरचा इतिहासही लिहिला होता. जयपूर दरबाराने तो त्यांच्याकडून लिहवून घेतला, परंतु हस्तलिखित कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. सरकारांच्या पश्चात, सीतामऊचे रघुवीरसिंह यांनी संपादन केल्यावर, तो ग्रंथ १९८४ मध्ये प्रकाशात आला. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. त्यामुळे औरंगजेबावरील सरकारांचा ग्रंथ आज कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करावा. जयपूरच्या इतिहासाला मात्र २०४४ साल उलटावे लागेल.

मग जयपूरविषयी ऐकायचे तर उरते काय? कर्नल जेम्स टॉड. त्याचा राजस्थानचा इतिहास १८२९ आणि १८३२ मध्ये दोन खंडांत निघाला. इंग्रजीत आहे, मोफत मिळतो, भाषा ओघवती, मोठ्याने वाचायला झकास. स्वयंसेवकाचा हात प्रथम त्याच्याकडेच जाणार आणि नेमकी तीच चिंतेची बाब आहे. टॉड हा कंपनी सरकारचा राजकीय प्रतिनिधी होता. राजपुतांवर त्याचे विलक्षण प्रेम होते आणि मराठे त्याच्या लेखी लुटारू होते. चारणांच्या कवनांवर त्याने फार विसंबून लिहिले. त्याच्या कित्येक चुका पुढे ओझांनी शिलालेखांच्या आणि कागदांच्या आधारे दाखवून दिल्या. छापलेल्या पानावर तळटीप असते, वाचक कपाळाला आठी घालून मागे पाहू शकतो. कानावर पडणारे वाक्य मात्र घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितल्यासारखे थेट आत उतरते. म्हणून टॉड वाचूच नये असे मुळीच नाही. तो वाचावा, पण १९२० मध्ये विल्यम क्रुक यांनी टिपांसह काढलेल्या आवृत्तीवरून वाचावा, टिपा गाळू नयेत, आणि त्याच्या शेजारी ओझा, सरकार व सरदेसाई यांचे आवाजही ठेवावेत. १७५१ च्या जानेवारीची गोष्ट जयपूरच्या मुलाने राजवाड्यांच्या पत्रांतून ऐकावी आणि पुण्याच्या मुलाने ओझांच्या हिंदीतून. खंडणीचा तगादा काय करू शकतो हे एकाला माहीत असते, वेशी बंद झाल्यावर आत काय झाले हे दुसऱ्याला. एकच बाजू फुकट आणि सुश्राव्य मिळू लागली, तर दुसरी बाजू हळूहळू खोटी वाटू लागते.

मराठी मंडळींना ऐकण्याची सवय नवी नाही. पोथी एकाने वाचायची आणि आळीने ऐकायची, पारावर एका वर्तमानपत्राभोवती दहा माणसे बसायची, ही फार जुनी गोष्ट नव्हे. बखरीचे गद्य तर मुळात सांगण्याचेच आहे. डोळ्यांनी वाचताना अडखळणारे त्याचे वाक्य मोठ्याने म्हटले की आपोआप सरळ होते. अवघड आहेत ती पत्रे. ‘रा. रा.’ दिसले तर वाचणाऱ्याने ‘राजमान्य राजेश्री’ म्हटले पाहिजे. तारखेआधीचा ‘छ’ हे चंद्रतिथीचे चिन्ह आहे, ते अक्षर म्हणून उच्चारले की ऐकणारा गोंधळलाच. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. संगणक आता मराठी मजकूर मनुष्याच्या जवळपास जाणाऱ्या आवाजात वाचू लागला आहे, मग माणसांनी घसा का कोरडा करावा, असे विचारले जाते. साध्या पुस्तकापुरता तो प्रश्न योग्यही आहे. पण जेथे अर्धे शब्द संक्षेपात आहेत आणि टाइप पुसट झाला आहे, तेथे आधी कोणीतरी कळून वाचावे लागते. यंत्राला वाचायला देण्याजोगा शुद्ध मजकूर तयार करणे हेही शेवटी माणसाचेच काम.

व्यवहारातल्या काही गोष्टी आधी पाहिलेल्या बऱ्या. वाचन जुन्या छपाईवरून व्हावे. नव्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना व टिपा यांचा हक्क निराळा असतो. भाषांतर असेल तर अनुवादकाचे निधनवर्ष स्वतंत्र पाहावे. लिब्रीव्हॉक्स अमेरिकी कायद्याप्रमाणे चालते आणि तेथे प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचा हिशेब लावतात. त्यामुळे भारतात मोकळे झालेले पुस्तक तेथे अडू शकते. आणि वाचणाऱ्याने हक्क सोडून दिला की त्याचे मुद्रण उद्या कोणी विकलेही, तर तक्रार करता येत नाही. हे ज्याला सोसत नाही त्याने या वाटेला न जावे, हेच प्रामाणिकपणाचे.

एका वर्गासाठी मात्र वर सांगितलेली मुदतीची भिंत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात अशी तरतूद झाली की, ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशा अपंग व्यक्तींसाठी, नफा न घेता, हक्क शाबूत असलेले पुस्तकही सुलभ स्वरूपात आणता येते. याच विषयावरील माराकेश करार २०१४ मध्ये स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये अशा वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. सरकारांचा जयपूरचा इतिहास कोणी आज वाचून दिला, तर डोळसांना २०४४ नंतर जे ऐकायला मिळेल ते अंध विद्यार्थ्याला उद्या मिळू शकते. इतिहास घेऊन पदवी परीक्षेला बसणाऱ्या अंध मुलामुलींना आजही वाचनिकाच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या एका तरतुदीचे मोल कळेल.

तेव्हा वाचणार कोण? सार्वजनिक बँकांतून २०००-०१ मध्ये सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतरही दरवर्षी अधिकारी निवृत्त होतच आहेत. आकडा चुकू नये म्हणून दोनदा वाचण्याची सवय जडलेली, दुसऱ्याने लिहिलेले तपासून सही करण्यात आयुष्य घालवलेली ही माणसे. तासाभराच्या स्वच्छ मुद्रणासाठी वाचन, दुरुस्ती आणि तपासणी मिळून दोन-तीन तास सहज लागतात. पंखा बंद करावा लागतो, कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबावे लागते. राजवाड्यांच्या पहिल्या खंडातील एक पत्र, रोज एक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. आणि जयपुरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने ओझांचे एक प्रकरण उचलले, तर त्रिपोलिया बाजारातून जाणाऱ्या पुढच्या सहलीच्या कानात, ईसरलाट दिसण्यापूर्वीच, तिची गोष्ट सुरू झालेली असेल.