अनुभवाला मानधन, पदवीला पगार

दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पेशंटचं अंग थरथर कापायला लागतं. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, तो खाटेवरून उठून पळायला बघतो. व्यसनमुक्ती केंद्रात रात्री दोन वाजता हे सुरू होतं तेव्हा त्याच्या उशाशी कोण असतं? मनोविकारतज्ज्ञ घरी झोपलेले असतात. समुपदेशकांची ड्युटी संध्याकाळीच संपलेली असते. उशाशी असतो तो एक माणूस, जो पाच-सात वर्षांपूर्वी अशाच खाटेवर असाच थरथरत होता. हे साधं घाबरणं नाही, यात जीव जाऊ शकतो, औषध लागणार, हे तो चेहरा बघून ओळखतो. नर्सला उठवतो, डॉक्टरांना फोन लावायला लावतो आणि पहाटेपर्यंत हात धरून बसतो. सकाळी डॉक्टर राउंडला येतात तेव्हा तोच माणूस चहाचे कप गोळा करत असतो.

इंग्रजीत याला 'पीअर सपोर्टर' म्हणतात. केंद्रात कुणी 'सिनियर' म्हणतं, कुणी नुसतंच 'जुना पेशंट'. मी त्याला सोबती म्हणेन. मानसिक आजारातून किंवा व्यसनातून स्वतः गेलेला आणि आता त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला साथ देणारा, तो सोबती. माझा प्रश्न साधा आहे. हे काम आहे की नाही? असेल तर त्याला पद, पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी का नाही? आणि नसेल तर आठवडाभर बंद करून दाखवा.

हजेरीपटावर तो 'स्वयंसेवक' असतो आणि त्याला मिळतं ते 'मानधन'. हा शब्द ज्याने काढला त्याचा सत्कार केला पाहिजे. ज्यात मानही नाही आणि धनही नाही, ते मानधन! आशा ताईंना विचारा, अंगणवाडी सेविकांना विचारा. वेतन म्हटलं की किमान वेतनाचा कायदा मागे लागतो, मानधन म्हटलं की कृतज्ञता तेवढी मागता येते. सोबत्याच्या बाबतीत ही कृतज्ञता तर दुप्पट वसूल केली जाते. 'आम्ही तुला बरं केलं' हे वाक्य त्याला आयुष्यभर ऐकवलं जातं. देणगीदार आले की त्याला पुढे उभं करून त्याची कहाणी सांगायला लावतात. बायकोला कसं मारलं, मुलीच्या शाळेची फी कशी प्यालो, सगळं. टाळ्या पडतात, चेक फाटतो, आणि तो परत चहाच्या कपांकडे जातो. ज्या अनुभवावर संस्था देणग्या मिळवते, तोच अनुभव नेमणुकीच्या वेळी 'पात्रता' धरला जात नाही.

ही निव्वळ पैशांची कंजुषी नाही. बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, आणि ही विषमता ज्ञानाच्या बाबतीत सर्वात घट्ट आहे. इथे ज्ञान म्हणजे पोथी. हाताने, अंगाने, भोगून मिळवलेलं ते ज्ञान नाहीच. चांभाराला चामड्याचं रसायन कळतं हे आपल्या समाजाने कधी मान्य केलं नाही, दाईला बाळंतपण कळतं हे मान्य केलं नाही. मग बाटली सोडलेल्याला बाटली कशी सुटते हे कळतं, हे कसं मान्य होणार?

चांभाराचा विषय निघालाच आहे तर पॅरिसची एक हकीकत सांगतो. मानसोपचाराच्या पुस्तकात फिलिप पिनेल या डॉक्टराचं नाव मोठ्या अक्षरात असतं. वेड्यांच्या साखळ्या तोडणारा महापुरुष! १८७६ मध्ये टोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने त्याचं भव्य चित्र काढलं. पण बिसेत्र इथल्या रुग्णालयात पुरुष रुग्णांच्या साखळ्या निघाल्या १७९७ साली, आणि तेव्हा पिनेल तिथून बदलून गेलेला होता. त्या काढल्या झाँ-बाप्तिस्त प्युसाँ याने. हा प्युसाँ कोण? कातडी कमावणारा कारागीर. गंडमाळा झाल्या म्हणून त्याच बिसेत्रमध्ये रुग्ण म्हणून आला, बरा झाला, तिथेच कामाला लागला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्याला डॉक्टरकीची पदवी नव्हती. सेवक नेमताना तो बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच शक्यतो निवडायचा, कारण मारहाण करणार नाहीत ते हेच, असा त्याचा अनुभव. पिनेल त्याच्याकडून शिकला आणि हे त्याने स्वतः लिहूनही ठेवलं. म्हणजे पिनेलची चूक नाही. पण इतिहासाने डॉक्टर लक्षात ठेवला आणि कातडी कमावणारा विसरला. फ्रान्समध्ये जात नाही म्हणतात. तरी एवढं झालं, तर आपल्याकडे काय होत असेल?

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तीही अशीच. बिल विल्सन शेअर बाजारातला माणूस, बॉब स्मिथ शल्यविशारद, दोघे दारूत बुडालेले. यातला डॉ. बॉब डॉक्टर होता, पण त्याच्या डॉक्टरकीने त्याची दारू सुटली नाही. ती सुटली दुसऱ्या दारुड्याशी बोलून.

आता आपल्याकडचा हिशेब बघू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. देशात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक आहेत आणि दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला, असं त्यात आहे. त्या अडतिसातला तो एक कोण असेल याचा अंदाज करायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. महिनाभराची फी भरू शकणारा, गाडीतून आणून सोडणारा भाऊ असणारा. बाकीचे सदतीस आपल्या वस्तीत आहेत. दारू घेतल्याशिवाय गटारात उतरता येत नाही असं सफाई कामगार स्वतः सांगतात. म्हणजे आधी जातीने काम ठरवायचं, त्या कामाच्या घाणीने दारू लावायची, त्या दारूच्या करातून तिजोरी भरायची, आणि शेवटी 'या लोकांना व्यसनच फार' म्हणून मोकळं व्हायचं. अशा माणसासमोर डॉक्टर साहेबांनी 'तणाव आला की दीर्घ श्वास घ्या' म्हणायचं! श्वास? त्या गटारात? त्याच्याशी बोलू शकतो तो त्याच गटारात उतरलेला आणि तरीही सोडून दाखवलेला माणूसच. तो शोधा, त्याला शिकवा, त्याला पगार द्या. सदतीस जणांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही, कारण तेवढे मनोविकारतज्ज्ञ या देशात नाहीत आणि आहेत ते शहरांत आहेत.

यावर आक्षेप येतात. हे लोक शिकलेले नाहीत, म्हणे. बरोबर आहे, म्हणून प्रशिक्षण द्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ मध्येच प्रशिक्षित, प्रमाणित सोबत्यांच्या कामाला गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून पैसे देणं सुरू केलं. आपल्या केंद्र सरकारच्या व्यसनविरोधी कार्यक्रमातही एक योजना आहे जिच्या नावातच 'पीअर-लेड' आहे. नावात नेतृत्व दिलं, नेमणुकीत का नाही? सोबत्याने डॉक्टर व्हावं असं कुणी म्हणत नाही. त्याने गोळ्या लिहू नयेत, निदान करू नये, आत्महत्येचा धोका दिसला तर तज्ज्ञाला कळवलंच पाहिजे. ही त्याच्या कामाची हद्द आहे. कामाला हद्द असते म्हणून ते काम हलकं होत नाही.

दुसरा आक्षेप, तो पुन्हा प्याला तर? कधी पिईलही. व्यसन उलटू शकणारा आजार आहे हे तुम्हीच व्याख्यानात सांगता ना? मग पाठदुखी उलटलेल्या कारकुनाला वैद्यकीय रजा आणि स्लिप झालेल्या सोबत्याला हाकलपट्टी, हा न्याय कुठला? त्याला कामावरून तात्पुरतं बाजूला घ्या, उपचार द्या, सावरला की परत घ्या. मी पाहिलेली गोष्ट सांगतो, केंद्राचं नाव देत नाही. अकरा वर्षं कोरडा असलेला एक सोबती आई वारल्यानंतर दोन दिवस प्याला. स्वतःहून येऊन सांगितलं. संध्याकाळी त्याची ट्रंक फाटकाबाहेर होती. तो लपवून राहिला असता तर नोकरी टिकली असती. खरं बोलायला शिकवणाऱ्या संस्थेने खरं बोलण्याची शिक्षा दिली.

तिसरा आक्षेप मात्र मी आदराने घेतो, कारण तो बऱ्या झालेल्यांकडूनच येतो. पैसा आला की सोबत संपते, एका दारुड्याने दुसऱ्याला दिलेला हात विकायचा नसतो. ए. ए. मध्ये तर ही परंपराच आहे. ती त्यांनी जरूर पाळावी. बैठकीत शेजारी बसलेल्याने बिल मागावं असं मी म्हणत नाही. पण जिथे इमारत आहे, अनुदान आहे, संचालक पगार घेतो, शिपाईसुद्धा पगार घेतो, तिथे एकट्या सोबत्यानेच निःस्वार्थ राहायचं, हा त्याग कुणाच्या सोयीचा आहे?

पगाराइतकाच प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी अस्पृश्यांचं दुःख अस्पृश्यांचाच प्रतिनिधी मांडू शकेल ही भूमिका घेतली. शंभर वर्षांनी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघा. जबरदस्तीने दाखल केल्याविरुद्ध दाद मागायची ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. मंडळात एक न्यायिक अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन सदस्य जे मानसिक आजार असलेले किंवा काळजीवाहक किंवा त्यांच्या संघटनांचे किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतील. सगळी मेख या 'किंवा'मध्ये आहे. दोन्ही खुर्च्यांवर संस्थाचालक बसले तरी कायदा पाळला जातो! पुणे कराराने आपल्याला हाच धडा दिला आहे. जागा आपली, निवड दुसऱ्याची. कांशीराम साहेबांनी १९८२ मध्ये या प्रकाराला जे नाव दिलं ते वाचकांना माहीत आहे.

आणि हा कागदावरचा वाद नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत बऱ्या होऊनही घरचे नेत नाहीत म्हणून पडून राहिलेल्या बाया आहेत. घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येणार नाही, असं याच कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं. त्या बाईबरोबर बाहेर कोण येणार? भाड्याची खोली शोधताना, रेशनकार्ड काढताना, रात्री पुन्हा आवाज ऐकू आले तर कुणाला फोन करायचा? हे सगळं एकदा करून बाहेर पडलेली दुसरी बाई हवी. तिचं पद कुठल्या आकृतिबंधात आहे, कुणी दाखवा.

आता थोडं आपल्या घरातलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच आहे. पण आपण त्याची काठी केली. जयंतीच्या व्यासपीठावरून दारुड्यावर तासभर तोंडसुख घेणारे वक्ते मला ढीगभर माहीत आहेत, त्याला हाताला धरून केंद्रात नेणारे बोटावर मोजण्याइतके. केंद्रात पोचल्यावर सकाळी आरती, संध्याकाळी देवाला शरण जाण्याची प्रार्थना. देव नाकारलेला आपला पोरगा तिथे गप्प बसतो, कारण बरं व्हायचं असतं. त्या केंद्रात बुद्धवंदना म्हणणारा एक पगारी सोबती असता, तर निदान त्या पोराला गप्प बसावं लागलं नसतं. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची बैठक घ्यायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

आणि एक काम या महिन्यात करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आपल्या जिल्ह्यासाठीच्या पुनर्विलोकन मंडळावर त्या दोन खुर्च्यांवर कोण बसलंय, कोणत्या 'किंवा'खाली, मंडळाच्या गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या, आणि जिल्ह्यातल्या अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांत बऱ्या झालेल्यांपैकी किती जण पगारावर आहेत, किती मानधनावर. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. उत्तर आलं की मला पाठवा, नावं गाळून इथेच छापतो.