राऊटर घ्या, पण आधी घर पाहून

मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, आखातात नोकरीला असलेल्या अब्बांशी रात्रीचे बोलणे, हे सारे आता अनेक घरांत एकाच फायबरवर चालते. ते अडखळू लागले की घरात एकच तोडगा निघतो: 'मोठा राऊटर आणू या.' पण घामाच्या कमाईतले दोन-चार हजार घालण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू या. गरजेपुरता खर्च करावा, उधळपट्टी टाळावी, हे आपल्याला दीनने शिकवलेच आहे.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश येतो आणि कंपनीने बसवलेली ओएनटी नावाची पेटी त्याचे इंटरनेट करते. बहुतेक वेळा याच पेटीत वाय-फायही असते. आपण आणलेला राऊटर या पेटीला लॅन केबलने जोडायचा असतो. टेलिफोनच्या तारेवर चालणारा जुना मोडेम फायबरला थेट जोडता येत नाही.

आता एक सोपी तपासणी करा. लॅपटॉप केबलने पेटीला जोडून वेग मोजा. तिथेच वेग कमी असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करा. नवा राऊटर बाहेरून न येणारा वेग आणू शकत नाही. केबलवर वेग ठीक आणि आतल्या खोलीत कमी असेल, तर दोष वाय-फायच्या पोहोचीचा आहे. अशा वेळी आधी जागा बदला. लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या मागे दडवलेला राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणला, तर पुष्कळदा काम भागते. कनेक्शन घेतानाच तंत्रज्ञाला तार मध्यापर्यंत आणायला सांगावी.

तरीही राऊटर घ्यावाच लागला, तर तो दोन बँडचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झ दूरवर जातो, पण वेग कमी देतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतींपुढे दमतो. मुंब्रा-भिवंडीच्या दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या वाय-फायची २.४ वर गर्दी होते, तिथे ५ गिगाहर्ट्झ उपयोगी पडतो. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात एका महागड्या राऊटरपेक्षा केबलने जोडलेले दोन साधे राऊटर बरे. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. 'एसी १२००' म्हणजे दोन्ही बँडच्या वेगांची केवळ बेरीज, तीही कागदावरची. त्यापेक्षा पोर्ट पाहा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि राऊटरचा पोर्ट १०० चा असेल, तर उरलेल्या २०० चे पैसे दरमहा वाया जातात. गिगाबिट पोर्ट मागून घ्या. वीज जाणाऱ्या गावात छोटा यूपीएस लावायचा तर पेटी आणि राऊटर दोन्ही त्यावर हवेत.

याहून महत्त्वाची गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. राऊटर हा घराचा आणखी एक दरवाजा आहे. परवानगीशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, अशी शिकवण सूरह नूरमध्ये आहे. मग आपल्या या दरवाजाची किल्ली आपल्याच हाती नको का? राऊटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वाय-फायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा ठेवा. निर्मात्याकडून सुरक्षेचे अपडेट मिळतात ना, हे घेतानाच विचारा. शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे, त्याला नड असेल तर जरूर मदत करावी. पण कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यावर काही गैर घडले तर चौकशी आधी त्याच्याकडे येते. म्हणून पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना वेगळे 'गेस्ट नेटवर्क' द्या.

मुलांसाठी वेळ ठरवण्याची, नको त्या साइट रोखण्याची सोय असलेला राऊटर मिळतो, तो घ्यावा. मात्र ही सोय मोबाइल डेटावर चालत नाही आणि ती आई-वडिलांची जागाही घेऊ शकत नाही. बंधने मुलांना सांगून, कारण समजावून घाला. पासवर्ड आणि कंपनीचा तक्रार क्रमांक अम्मीच्या वहीतही लिहून ठेवा. घरचा कर्ता परदेशी असला, तरी घर कुणावाचून अडता कामा नये.