वाळवणयंत्र कोणाच्या नावावर?

परसातली मेथी, गवार, कारली वाळवून पुढच्या टंचाईची तरतूद करणे हे बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान. त्याला कोणी 'तंत्रज्ञान' म्हटले नाही. यंत्र आले की मात्र ते तंत्रज्ञान होते आणि पुरुष पुढे येतात.

केंद्राच्या 2020 सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान ठेवले गेले. तेव्हापासून बचत गटांच्या बैठकींत वाळवणयंत्राचा विषय वारंवार निघतो. माझे म्हणणे इतकेच, की कोणते यंत्र घ्यायचे हे वापरणारीने ठरवावे.

एक किलोवॉटचे विजेचे यंत्र आठ तास पूर्ण भाराने चालले तर आठ युनिट जळतात. दहा किलो मेथीची सुकून जेमतेम किलोभर होते. हा हिशेब आधी मांडा. तापमान 55 ते 60 अंशांवर स्थिर राहते का, पंख्याची हवा प्रत्येक ताटलीला सारखी लागते का, ताटल्या आपल्याला एकटीने उचलता येतात का, हे पाहा. वीज बेभरवशाची असेल तर झाकलेले सौर यंत्र बरे. त्यात धूळ-माश्या बसत नाहीत, राखणही वाचते. पण पावसाळ्यात ते अडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल, कर्जखाते आणि विक्रीचा पैसा कोणाच्या नावावर? कर्ज बाईचे आणि गल्ला नवऱ्याचा, असे असेल तर यंत्राने फक्त तिचे काम वाढवले. आणि सगळी भाजी बाजारात जाऊन तिचे ताट कोरडे राहणार असेल, तर त्याला आपण विकास का म्हणावे?