बटणाचा रंग आणि गिऱ्हाईकाचे बोट

वेबसाइट करून देणारे आमच्या लोणावळ्याच्या दुकानी आले तेव्हा त्यांनी आम्हांला सर्वप्रथम दाखवले ते बटण. पडद्यावरचा बाण त्यावर नेला की पांढरे बटण हिरवे होते आणि अक्षरे उजळतात. याला ते रोलओव्हर बटण म्हणतात. आम्ही भुललो, हे कबूल करतो. गिऱ्हाईकाने ताग्याला नुसता हात लावावा आणि नोकराने तो झटक्यात उलगडून समोर टाकावा, तसाच हा प्रकार वाटला.

वास्तविक ही चीज जुनी आहे. १९९६ साली नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये चित्र बदलण्याची सोय आली. तेव्हा प्रत्येक बटणाची दोन चित्रे करावी लागत, एक साधे व एक रंगीत; जावास्क्रिप्ट बाण येता-जाता त्यांची अदलाबदल करी. मराठी किंवा उर्दू अक्षरे बहुधा चित्रातच काढावी लागत, कारण आपला फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर असेलच असे नसे. आता युनिकोडमुळे अक्षरे अक्षरे म्हणूनच लिहिता येतात, आणि रंग बदलायला सीएसएसमधला 'होव्हर'चा एक नियम पुरतो. त्या एका नियमाचे आमच्याकडून जादा पैसे घेतले गेले. तेही सोडा.

खरे नुकसान पुढे झाले. आमच्या पानावर कापडाची सहा चित्रे होती; नाव, पन्हा आणि मीटरचा भाव बाण वर नेल्यावरच दिसे. दुकानातल्या संगणकावर सगळे झकास! मग कामशेतच्या एका टेलरमास्तरांचा फोन आला, "चाचा, फोटो छान आहेत, पण भाव कुठं लिहिलाय?" ते मोबाइलवर पाहत होते. मोबाइलला बाण नसतो. बोट एकतर टेकते, नाहीतर टेकत नाही. काही फोनवर तर पहिल्या टिचकीला नुसता रंग बदलतो आणि पान दुसऱ्या टिचकीला उघडते. तोवर गिऱ्हाईक थांबते थोडेच? लग्नसराईचे दोन महिने असे गेले. मास्तरांनी फोन तरी केला. बाकीचे मुकाट्याने दुसरीकडे गेले असतील.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि गाड्या न थांबता पुढे जाऊ लागल्या. पाटी लांबून वाचता आली पाहिजे, हे आम्ही तेव्हाच शिकलो होतो. वेबसाइटवर मात्र जवळ गेल्याशिवाय न दिसणारी पाटी लावून बसलो.

रंग बदलूच नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु बाण येण्याआधीच बटण हे बटण म्हणून ओळखू आले पाहिजे आणि भाव उघडा पाहिजे. रंग ही वरची झालर. 'होव्हर'बरोबर कीबोर्डसाठी 'फोकस' आणि बोट टेकल्यावरचा 'ॲक्टिव्ह' हे नियमही लिहून घ्यावेत. उर्दू पान असेल तर बटणांची ओळ उजवीकडून सुरू करावी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, आमची नजर आधी तिकडेच जाते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एखाद्या गिऱ्हाईकाला त्याच्याच फोनवर साइट उघडायला लावावी आणि 'भाव शोधा' म्हणावे. आम्ही हे केले, पण पैसे चुकते केल्यानंतर.